न ऐकू येणारा ध्वनी आणि न पोहोचणारे औषध



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, होळकरशाहीतील माळवा, मराठी रंगभूमी अशा विषयांवर विद्वानांनी पुष्कळ सांगितले आहे. यंदाचा विषय कर्करोगाच्या औषधांचा आहे आणि तो मांडणारा माणूस मराठीचा निवृत्त प्राध्यापक आहे, हे निमंत्रणपत्रिकेत वाचून अनेकांना नवल वाटले असेल. मला वैद्यक सांगायचे नाही. तो माझा अधिकार नव्हे. मला सांगायचा आहे तो एका कल्पनेचा इतिहास. ती निरनिराळ्या देशांत, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांच्या हातून, तुकड्यातुकड्यांनी कशी जमत गेली आणि रोग्याच्या खाटेपाशी यायला तिला किती काळ लागला, हे पाहायचे आहे. जुन्या हस्तलिखितांचे पाठभेद लावताना जी चिकाटी लागते तीच मी येथे वापरली आहे. ज्यांची खात्री पटली नाही अशा गोष्टी गाळल्या आहेत.

आधी शब्दांविषयी थोडे, कारण सवय सुटत नाही. माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण २० ते २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. त्यापलीकडच्या ध्वनीला, म्हणजे अल्ट्रासाउंडला, मराठी परिभाषेत ‘श्राव्यातीत’ म्हणतात. न ऐकू येणारा नाद ही कल्पना मराठी कानाला नवी नाही; ‘अनाहत नाद’ हा शब्द आपण कीर्तनांतून ऐकत वाढलो. तरीही या दोहोंचा सांधा जुळवण्याचा मोह मी आवरतो. अनाहत नाद आघाताविना उमटतो असे मानले आहे, आणि आपल्या आजच्या ध्वनीचे तर सारे काम आघातावरच चालते. ‘कर्करोग’ हाही घडवलेला शब्द. गाठीभोवती फुगलेल्या शिरांत ग्रीक वैद्यांना खेकड्याच्या नांग्या दिसल्या, त्यावरून लॅटिनमध्ये ‘कॅन्सर’ आला आणि आपण तोच खेकडा ‘कर्क’ म्हणून उचलला. सुश्रुतसंहितेतला ‘अर्बुद’ हा आपला जुना शब्द मात्र मागे पडला.

आपल्या गावांतून श्राव्यातीत ध्वनी ओळखला जातो तो ‘सोनोग्राफी’ या नावाने. ते नाव उच्चारले की दोन गोष्टी डोळ्यांपुढे येतात : गर्भातल्या बाळाचे करडे, धूसर चित्र आणि दवाखान्याच्या दारावरची ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी. महाराष्ट्राने त्यासाठी १९८८ साली देशातला पहिला कायदा केला, १९९४ साली संसदेने केला आणि तो १९९६ पासून अमलात आला. जे यंत्र आईच्या पोटातले मूल दाखवण्यासाठी आले, त्याच्यावर अशी पाटी लावावी लागली, ही आपल्या समाजाची लाजिरवाणी कहाणी आहे. ती आजची नव्हे; पण तिचा उल्लेख टाळून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटले नाही.

या विषयाकडे मी वळलो त्याचे कारण घरातले आहे. माझ्या धाकट्या बहिणीला २००३ साली स्तनाचा कर्करोग झाल्याचे कळले. शस्त्रक्रिया झाली आणि मग औषधांच्या फेऱ्या सुरू झाल्या. अवंतिका एक्सप्रेसने इंदुराहून निघायचे, सकाळी मुंबईत उतरायचे, शिरेतून औषध घ्यायचे आणि परतायचे. त्यांतले एक औषध जास्वंदीच्या अर्कासारखे लाल होते. केस गेले, तोंड आले, अन्नाचा वास नकोसा झाला. ती गणित शिकवत असे. एकदा गाडीत तिने मला विचारले, “दादा, गाठ एवढीशी होती, ती काढलीसुद्धा, मग औषध अंगभर का?” मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पुढे रोग उलटला तेव्हा ट्रॅस्टुझुमॅब नावाचे नवे औषध सुरू झाले. त्याच्या एका मात्रेची किंमत ऐकून आम्ही गप्प झालो होतो. पण औषधाने गुण दिला. यकृत आणि हाडे स्वच्छ राहिली. २००६ च्या पावसाळ्यात तिला फळ्यावरचे आकडे दुहेरी दिसू लागले. रोग मेंदूत गेला होता. तिथल्या तरुण डॉक्टरांनी कागदाच्या कोपऱ्यावर चित्र काढून आम्हाला समजावले : मेंदूतला रोग तोच आहे, औषधही त्याच रोगावरचे आहे, पण ते मेंदूत शिरत नाही. २००७ साली ती गेली.

औषध आहे, ते या रोगावर चालते आणि तरी ते तिथवर पोहोचत नाही. त्या कागदावरच्या चित्राने माझ्या वाचनाला जी दिशा दिली तिचा हा वृत्तान्त.

मेंदूभोवती काहीतरी पहारा आहे, हे प्रथम ज्याच्या नजरेस पडले त्याला त्याचा अर्थ लागला नाही. १८८५ साली पॉल एर्लिख या जर्मन वैद्याने प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले. शरीरातले जवळजवळ सारे अवयव रंगले, मेंदू मात्र कोरा राहिला. मेंदूच्या ऊतींना रंगाची ओढच नसावी, असे त्याने अनुमान केले. त्याचा शिष्य एडविन गोल्डमन याने १९१३ साली तोच प्रयोग उलटा केला. निळा रंग रक्तात न सोडता मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला. आता मेंदू निळाभोर झाला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले. म्हणजे मेंदू रंग घेत होता. रक्तातून तिकडे जाण्याची वाट तेवढी बंद होती. ही बंद वाट प्रत्यक्ष दिसायला १९६७ साल उजाडले. थॉमस रीझ आणि मॉरिस कार्नोव्हस्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले, की मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या भिंतीतील पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की त्यांच्या सांध्यांतून काहीही झिरपत नाही. लहान आणि स्निग्धात विरघळणारे रेणू तेवढे पेशींतूनच पलीकडे जातात. त्यांची मर्यादा साधारण ४०० ते ५०० डाल्टन. ट्रॅस्टुझुमॅबचा रेणू सुमारे दीड लाख डाल्टनांचा आहे. बहिणीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

यातली गंमत म्हणा की विपर्यास, रोगाला नेमकी लागणारी आणि शरीराला न दुखवणारी ‘जादूची गोळी’ ही कल्पना त्याच एर्लिखची. गोळीचा ध्यास घेणाऱ्याने गोळी अडवणारी भिंतही पाहिली होती. दोहोंचा संबंध त्याने जोडला नाही.

उरलेल्या अर्ध्या उत्तरासाठी कर्करोगाच्या औषधांचा जन्म पाहावा लागतो. तो युद्धातल्या विषातून झाला. मस्टर्ड वायूच्या जातीतले नायट्रोजन मस्टर्ड हे रसायन १९४२ साली अमेरिकेत येल विद्यापीठात लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन यांच्या पुढाकाराने लसिकाग्रंथींच्या कर्करोगावर गुप्तपणे वापरले गेले. युद्ध संपल्यावर, १९४६ साली, ते प्रसिद्ध झाले. मधल्या काळात, २ डिसेंबर १९४३ रोजी, इटलीच्या बारी बंदरावर जर्मन विमानांनी हल्ला केला. तिथे ‘जॉन हार्वे’ या अमेरिकी जहाजात मस्टर्डचे बाँब गुपचूप भरलेले होते. ते फुटले, आणि होरपळलेल्या खलाशांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी नाहीशा होत असल्याचे स्ट्युअर्ट अलेक्झांडर या लष्करी डॉक्टराने नोंदवले. जे विष वेगाने वाढणाऱ्या निरोगी पेशी मारते ते वेगाने वाढणाऱ्या रोगट पेशीही मारील, या तर्काला त्या नोंदींनी बळ मिळाले.

बहिणीला दिलेले ते लाल औषधही त्याच किनाऱ्याचे. बारीपासून फार दूर नसलेल्या कास्तेल देल मोन्ते या तेराव्या शतकातल्या किल्ल्याजवळची माती १९५० च्या दशकात इटालियन संशोधकांनी तपासली आणि तीत लाल रंगद्रव्य निर्माण करणारा एक जिवाणू सापडला. त्याच्यापासून आधी डॉनोरुबिसिन आणि मग डॉक्सोरुबिसिन ही औषधे मिळाली. समोरच्या एड्रियाटिक समुद्रावरून दुसऱ्याचे नाव ठेवले एड्रियामायसिन. औषध गुणी, पण हृदयाला जाच करणारे. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे आयुष्यभरात मिळून सुमारे ५५० मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा मानली गेली. त्यापुढे हृदय निकामी होण्याचा धोका झपाट्याने वाढतो. म्हणजे रोग शिल्लक असतो, औषधाची बाटली शिल्लक असते, आणि हिशेब संपलेला असतो.

हा हिशेब मूळातच तोट्याचा आहे, हे गेल्या काही दशकांत स्पष्ट झाले. आपल्या आय.आय.टी. कानपूरचे पदवीधर आणि पुढे अमेरिकेत संशोधन केलेले राकेश जैन यांनी दाखवून दिले, की गाठीतल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात, त्यामुळे गाठीच्या आत द्रवाचा दाब वाढतो आणि बाहेरून येणारे औषध आत शिरण्याऐवजी मागे लोटले जाते. अतिसूक्ष्म कणांत भरून दिलेल्या औषधांविषयीचे दहा वर्षांचे प्रयोग २०१६ साली एकत्र तपासले गेले. टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत पोहोचलेल्या भागाचा मध्यांक निघाला ०.७ टक्के. उरलेले ९९ टक्क्यांहून अधिक इतरत्र. तेव्हा औषध अंगभर का, या प्रश्नाला खरे उत्तर हेच, की अंगभर दिल्यावाचून त्यातला हा कण गाठीला मिळत नाही.

इथवर औषधाची बाजू झाली. आता ध्वनीकडे येतो.

१८८० साली पॅरिसमध्ये पिएर आणि झाक क्यूरी या बंधूंना आढळले, की स्फटिकासारखे काही खडे दाबले की त्यांवर विद्युत्भार येतो. पुढच्याच वर्षी उलट क्रियाही सिद्ध झाली : वीज दिली की खडा आकुंचन-प्रसरण पावतो. फार वेगाने वीज उलटसुलट केली तर खडाही तितक्याच वेगाने थरथरतो आणि न ऐकू येणारा ध्वनी उत्पन्न करतो. पिएर क्यूरींचा शिष्य पॉल लांजव्हँ याने पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी या गुणाचा उपयोग केला. तुलाँ बंदरात प्रयोग चालू असताना ध्वनीच्या झोतात आलेले मासे मरून तरंगू लागले, आणि पाण्यात हात घातला तर वेदना होत. पाणबुडी शोधायला निघालेल्या माणसाने या गोष्टीची नोंद केली आणि तो आपल्या कामाला लागला. ती नोंद अमेरिकी भौतिकज्ञ रॉबर्ट वुड यांनी विसरू दिली नाही. त्यांनी युद्धकाळात ते प्रयोग पाहिले होते. आल्फ्रेड लूमिस नावाच्या धनाढ्य गृहस्थाने न्यूयॉर्कजवळ टक्सीडो पार्क येथे स्वतःच्या खर्चाने उभारलेल्या प्रयोगशाळेत दोघांनी मिळून काम केले आणि १९२७ साली दाखवून दिले, की तीव्र श्राव्यातीत ध्वनीने लहान मासे आणि बेडूक मरतात, तांबड्या रक्तपेशी फुटतात.

कशाने फुटतात? याचे बीज आणखी एका भलत्याच ठिकाणी होते. १८९० च्या दशकात ‘डेअरिंग’ या ब्रिटिश विनाशिकेच्या चाचणीत तिचा पंखा अपेक्षित वेग देईना. वेगाने फिरणाऱ्या पात्यांमागे पाण्यात पोकळ्या तयार होतात, असे निदान झाले. पुढे अशा पोकळ्यांमुळे पंख्यांच्या धातूला खड्डे पडतात हेही ध्यानात आले. लॉर्ड रॅली यांनी १९१७ साली त्याचे गणित मांडले : पाण्यातला बुडबुडा मिटतो तेव्हा त्याच्या आत-भोवती क्षणभर हवेच्या दाबाच्या हजारो पट दाब उत्पन्न होऊ शकतो. जो बुडबुडा पोलादाला खड्डा पाडतो त्याच्यापुढे पेशीचे कातडे ते काय! आरमाराच्या अभियंत्यांना डोकेदुखी झालेला हा बुडबुडाच पुढे आपल्या कथेचा नायक होणार आहे.

या क्षेत्रात आपल्या देशाचेही एक पान आहे, आणि ते अभिमानाने नोंदवण्याजोगे आहे. श्राव्यातीत ध्वनी द्रवातून जाताना प्रकाशाचे जे विवर्तन होते त्याची उपपत्ती सी. व्ही. रामन आणि नागेंद्र नाथ यांनी १९३५-३६ साली बंगळूरला मांडली. जगभर ती ‘रामन-नाथ’ या जोडनावाने ओळखली जाते. आपल्या गोष्टीशी तिचा थेट संबंध नाही, म्हणून येथेच थांबतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर ध्वनी दवाखान्यात आला तो चित्र काढणारा म्हणून. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनल्ड हे १९५५ साली बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्यात गेले. धातूच्या सांध्यांतले दोष शोधण्यासाठी तिथे श्राव्यातीत ध्वनीचे यंत्र होते. डोनल्ड यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून नेल्या होत्या आणि तुलनेसाठी गोमांसाचा एक तुकडा. निरनिराळ्या गाठींचे प्रतिध्वनी निरनिराळे आले. पुढे त्यांच्याकडे एक स्त्री आणली गेली. तिच्या पोटात शस्त्रक्रियेपलीकडे गेलेला जठराचा कर्करोग आहे असे निदान झालेले होते. यंत्राने दाखवले, की तो कर्करोग नसून अंडाशयाची मोठी द्रवाने भरलेली गाठ आहे. ती काढली आणि स्त्री बरी झाली. ७ जून १९५८ च्या ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा लेख आला आणि सोनोग्राफीची वाट रुळली.

नायकाचा प्रवेश १९६८ साली झाला, तोही अनाहूतपणे. अमेरिकेत रॉचेस्टर येथे रेमंड ग्रामिॲक आणि प्रवीण शहा हृदयाचे प्रतिध्वनी नोंदवत होते. नळीतून हृदयात रंगद्रव्य टोचताच पडद्यावर प्रतिध्वनींचा ढग उमटला. टोचताना द्रवात शिरलेल्या बारीक हवेच्या बुडबुड्यांचा तो प्रताप होता. बुडबुडा रक्तापेक्षा ध्वनी कितीतरी अधिक परतवतो, म्हणून मग मुद्दामच बुडबुडे बनवण्याचा उद्योग सुरू झाला. अंड्याच्या पांढऱ्यात असते तसल्या, पण मानवी रक्तातल्या, अल्ब्युमिनच्या कवचाचा ‘अल्ब्युनेक्स’ हा बुडबुडा अमेरिकेत १९९४ साली संमत झाला. त्यानंतरच्या बुडबुड्यांत रक्तात सहसा न विरघळणारे जड वायू भरले गेले, कवचे स्निग्धाची झाली. त्यांचा व्यास तांबड्या पेशीहूनही कमी असतो. ते केशवाहिन्यांतून सुखरूप फिरतात आणि काही मिनिटांत आतला वायू श्वासावाटे निघून जातो. हे सारे चित्र उजळ दिसावे यासाठी. औषधाचा विचार त्यात नव्हता.

औषध आणि ध्वनी यांची गाठ घालण्याचे प्रयत्न तोवर वेगळ्या वाटांनी चालू होते. १९५६ साली बॉस्टनमध्ये लुई बाकाय, थॉमस बॅलंटाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्वनीचा झोत प्राण्यांच्या मेंदूत एका जागी एकवटला आणि तिथला पहारा सुटल्याचे दाखवले. मात्र त्याबरोबर मेंदूची ऊतीही दुखावली. कुलूप उघडावे म्हणून दारच फोडल्यासारखे झाले. १९७६ साली फ्रेडरिक क्रेम्काऊ आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या रक्ताच्या कर्करोगपेशींवर नायट्रोजन मस्टर्ड आणि श्राव्यातीत ध्वनी एकत्र वापरला, तेव्हा औषधाची मारकता वाढली. बारीच्या बंदरात फुटलेल्या विषाच्या जातभाईची आणि तुलाँच्या बंदरात मासे मारणाऱ्या ध्वनीची अशी भेट झाली. तिची तेव्हा फारशी वार्ता झाली नाही.

कोडे सुटले ते २००१ साली. मूळचे फिनलंडचे कुलर्वो हिनिनेन हे तेव्हा बॉस्टनमध्ये होते. त्यांनी सशांच्या रक्तात आधी बुडबुडे सोडले आणि मग मेंदूच्या ठरावीक जागी ध्वनीचा झोत टाकला. ऊर्जा पूर्वीच्या मानाने अगदी थोडी पुरली, कारण ती थेट मेंदूवर खर्च होत नव्हती. केशवाहिनीतला बुडबुडा ध्वनीच्या तालावर फुगतो, आकसतो, पुन्हा फुगतो. आणि आतून हलके रेटे देत भिंतीतल्या पेशींचे घट्ट सांधे काही काळ सैल करतो. ध्वनी जोराचा झाला तर बुडबुडा फुटतो आणि वाहिनी फाटते, रॅलींचा तो जुना खड्डा पडतो. मंद ठेवला तर दार उघडते आणि आपोआप मिटते. मग प्रश्न राहतो तो किती मंद याचा. त्यावरचा उपाय मला फार सुंदर वाटतो : झोत टाकताना बुडबुड्यांचा प्रतिध्वनी सतत ऐकत राहायचे. सुखाने डोलणारा बुडबुडा एका विशिष्ट स्वरात उत्तर देतो, फुटू लागलेला गोंगाट करतो. टोरोंटोमध्ये मेगन ओ’रायली आणि हिनिनेन यांनी २०१२ साली त्या उत्तरावरूनच ध्वनीचा जोर आपोआप कमी-अधिक करण्याची रीत मांडली. मैफलीत तबलजी गवयाकडे कान ठेवून हात हलका करतो, तसेच हे.

२००६ साली याच बॉस्टनच्या गटातून मानाबू किनोशिता आणि सहकाऱ्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. उंदरांच्या मेंदूत, ध्वनी आणि बुडबुड्यांच्या साह्याने, ट्रॅस्टुझुमॅब पोहोचवल्याचा तो वृत्तान्त होता. त्याच वर्षी बहिणीला आकडे दुहेरी दिसू लागले होते. हा निबंध मी तिच्यामागे कितीतरी वर्षांनी वाचला. वाचून खेद झाला असे म्हणता येणार नाही; उंदरांवरचे काम माणसापर्यंत त्या वर्षी येणे शक्यच नव्हते. पण सालाच्या आकड्यावर नजर बराच वेळ खिळून राहिली.

माणसाच्या बाबतीत कवटीची अडचण होती. हाड ध्वनी शोषते आणि त्याचे किरण विस्कटते. पॅरिसमध्ये अलेक्झांडर कार्पेंटिए यांनी त्यावर सरळ उपाय काढला : कवटीतच लहान यंत्र बसवायचे. २०१४ पासून, पुन्हा उलटलेल्या ग्लायोब्लास्टोमाच्या, म्हणजे मेंदूच्या अतिशय घातक गाठीच्या, रोग्यांना त्यांनी असे ध्वनी देऊन कार्बोप्लॅटिन हे औषध दिले. टोरोंटोच्या सनीब्रुक रुग्णालयात दुसरी वाट निवडली गेली. तिथे हजाराहून अधिक ध्वनिस्रोत जडवलेले शिरस्त्राण आहे. कवटीच्या जाडीचा हिशेब करून प्रत्येकाचा ध्वनी थोडा मागे-पुढे सोडतात, म्हणजे हाड पार करून सारे एका बिंदूवर एकत्र येतात. नोव्हेंबर २०१५ मध्ये तिथे हाड न कापता माणसाच्या मेंदूचा पहारा प्रथम उघडला गेला. औषध होते डॉक्सोरुबिसिन, तेच लाल. आणि २०२१ साली त्याच रुग्णालयातून, स्तनाचा कर्करोग मेंदूत गेलेल्या चार स्त्रियांना ट्रॅस्टुझुमॅब दिल्याचा अहवाल आला. औषधाला किरणोत्सर्गी खूण लावलेली होती, त्यामुळे ते गाठीत अधिक प्रमाणात उतरल्याचे चित्रात दिसले. मेंदूत औषध पोहोचल्याचा हा डोळ्यांनी पाहिलेला पुरावा. उंदरापासून माणसापर्यंत पंधरा वर्षे लागली.

मेंदूबाहेरच्या गाठींवरही काम झाले आहे. त्याविषयी सांगताना मला थोडे कठोर व्हावे लागेल. नॉर्वेतील बर्गेन येथे स्वादुपिंडाच्या, शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या कर्करोगाच्या दहा रोग्यांना जेम्सायटाबिन हे नेहमीचे औषध, बाजारातले बुडबुडे आणि सोनोग्राफीचे साधे यंत्र एवढ्यावर उपचार दिले गेले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्या आयुर्मर्यादेचा मध्यांक १७.६ महिने होता. आधीच्या नोंदींतल्या, केवळ औषध घेतलेल्या रोग्यांत तो ८.९ महिने होता. जवळजवळ दुप्पट! वर्तमानपत्राला मथळा द्यायला एवढे पुरे. परंतु हे दहा रोगी आणि ते जुने रोगी चिठ्ठ्या टाकून वेगळे केलेले नव्हते. दहा जण मुळातच थोडे धडधाकट असतील तर? ही शंका संशोधकांच्या हेतूविषयी नाही. दोन प्रतींची तुलना करताना त्या एकाच परंपरेतल्या आहेत ना, हे आम्हीही आधी पाहतो.

ऑक्सफर्डमध्ये बुडबुडे न वापरता ध्वनीच्या उष्णतेचा उपयोग केला गेला. तापमान सुमारे चाळीस अंशांवर गेले की फुटणाऱ्या स्निग्ध कुपीत डॉक्सोरुबिसिन भरायचे, कुपी रक्तात सोडायच्या आणि यकृतातली गाठ तेवढी बाहेरून ध्वनीने कोमट करायची. अशा उष्णतेने उघडणाऱ्या कुपींची कल्पना १९७८ सालची. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दहा रोग्यांच्या चाचणीत गाठीतले औषध सरासरी ३.७ पट झाले. पण याच कुपीची, उष्णतेच्या दुसऱ्या साधनाबरोबर, यकृताच्या ७०१ रोग्यांवर चिठ्ठ्या टाकून घेतलेली मोठी चाचणी होऊन गेली होती आणि तिच्यात रोग लांबवण्याचा अपेक्षित लाभ दिसला नाही, हे २०१३ सालीच जाहीर झाले होते. औषध गाठीत अधिक उतरणे आणि रोगी अधिक जगणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर कोणत्याही यंत्राने आपोआप मिटत नाही. आपल्यापैकी कोणाच्या घरी हा रोग असेल आणि कोणी ‘ध्वनीने कर्करोग बरा’ अशी जाहिरात दाखवील, तर हा ७०१ चा आकडा त्याच्यापुढे ठेवावा, अशी माझी विनंती आहे.

२०२३ साली शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून अ‍ॅडम सोनाबेंड यांच्या गटाचा अहवाल आला. ग्लायोब्लास्टोमा उलटलेल्या सतरा रोग्यांच्या कवटीत पॅरिसच्या पद्धतीचे यंत्र बसवले होते. त्यातले नऊ ध्वनिस्रोत मेंदूच्या बऱ्याच मोठ्या भागावर ध्वनी टाकतात. औषध पॅक्लिटॅक्सेल, ते अल्ब्युमिनला बांधलेले. शस्त्रक्रियेच्या वेळी काहींच्या मेंदूतले, ध्वनी पडलेले आणि न पडलेले, असे दोन नमुने घेऊन मोजले तेव्हा ध्वनी पडलेल्या जागी हे औषध ३.७ पट निघाले. ऑक्सफर्डचाच आकडा, केवळ योगायोग. कार्बोप्लॅटिन ५.९ पट निघाले. दार किती वेळ उघडे राहते हेही त्यांनी पाहिले. बहुतांशी पहिल्या तासाभरातच ते मिटते. ही बाब वाटते तितकी किरकोळ नाही. ध्वनी आधी की औषध आधी, परिचारिकेने सलाईन कोणत्या क्षणी लावायचे, रोग्याला एका खोलीतून दुसरीत न्यायला किती मिनिटे लागतात, यावर सारे अवलंबून राहते. शंभर-सव्वाशे वर्षांच्या या उद्योगाचे फळ त्या एका तासात रोग्याला मिळायचे असते.

या यंत्राने रोगी अधिक जगतात का, हे त्या सतरा जणांवरून ठरवता येत नाही, आणि लेखकांनीही तसा दावा केलेला नाही. त्यासाठी पुढची, अनेक रुग्णालयांत चालणारी चाचणी २०२३ नंतर सुरू झाली. तिच्यात पहिल्यांदा रोग उलटलेले रोगी चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागले जातात. एका गटाच्या कवटीत यंत्र बसवून ध्वनीसोबत कार्बोप्लॅटिन दिले जाते, दुसऱ्याला आजवर चालत आलेलेच औषध. आणि दोन्ही गटांच्या नोंदी एकाच वेळी, एकाच वहीत ठेवल्या जातात.